वेळ दिला, पण कुणाचा?

रविवारी सकाळी आम्ही चार मित्र गोल्फ क्लब मैदानावर भेटतो. कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिकमध्ये सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. पाच फेऱ्या ठरवायच्या, दोन मारायच्या आणि मिसळ खायला निघायचं, असा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. महाराष्ट्राचे रणजी सामने इथे होतात, त्यामुळे मैदानाच्या कडेने चालताना क्रिकेट निघालं नाही असं सहसा होत नाही. त्या रविवारी विषय होता पृथ्वी शॉ.

बँकेतला मित्र म्हणाला, "अजून किती संधी द्यायच्या रे त्याला? सात वर्षं झाली."

वकील मित्र म्हणाला, "अरे, सव्वीस वर्षांचा आहे तो. आपण सव्वीसाव्या वर्षी काय दिवे लावले होते?"

तिसऱ्याने उंचीचा मुद्दा काढला. एवढीशी उंची, परदेशातल्या उसळत्या खेळपट्टीवर कसा टिकणार वगैरे. त्यावर वकील म्हणाला, "गावसकर काय ताडमाड होता का?"

वाद रंगला. मी नेहमी असल्या वादात पुढे असतो, पण त्या दिवशी गप्प होतो. माझ्या लॅपटॉपवर एक फॉर्म भरायचा राहिला होता. आमच्या टीममध्ये सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी आली, तिची ही पहिलीच नोकरी. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि तिच्याबद्दल मला तीनपैकी एक पर्याय निवडायचा होता: कायम करावं, मुदत वाढवावी किंवा थांबवावं. मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत. ती प्रामाणिक होती, मेहनती होती, पण दोन दिवसांच्या कामाला तिला पाच दिवस लागत. मीटिंगमध्ये तर तिचा आवाजच निघत नसे. मिसळीची वाट बघताना मित्र जे शॉबद्दल बोलत होते, ते सगळं मला तिच्याबद्दलच ऐकू येत होतं. अजून किती वेळ द्यायचा?

हा प्रश्न आपण इतक्या सहज विचारतो की त्यात काय काय दडलंय याकडे आपलं लक्षच जात नाही.

आधी शॉची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत असली तरी एका ओळीत कुणी मांडत नाही. विरारचा मुलगा. नोव्हेंबर २०१३ मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. पुढे ऑस्ट्रेलियात घोट्याला दुखापत. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या बंदी असलेल्या द्रव्यामुळे आठ महिन्यांचं निलंबन. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ० आणि ४, आणि तिथून आजवर एकही कसोटी नाही. पाच कसोटींत ३३९ धावा, सरासरी ४२ च्या वर. त्यानंतर लगेच विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, महिन्याभरात आयपीएलच्या लिलावात कुणीच घेतलं नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. पहिल्या रणजी सामन्यात आधी शून्य, मग ७५. पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२.

ही यादी वाचून "अजून थांबा" म्हणणाऱ्यालाही पुरावा मिळतो आणि "आता पुरे" म्हणणाऱ्यालाही. म्हणून तर असे वाद संपत नाहीत. पण त्या सकाळी मला जाणवलं ते वेगळंच. दोन्ही बाजू एकच भाषा बोलत होत्या. एक म्हणत होता गुंतवणूक बुडाली, दुसरा म्हणत होता परतावा उशिरा येईल. तो खेळाडू म्हणजे जणू आम्ही घेतलेला शेअर.

धीराला परताव्याची भाषा चिकटली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. वय पंधरा, वडील रिक्षाचालक. देशभर नाव झालं. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी, खेळ मनासारखा होत नाही म्हणून, ही शिष्यवृत्ती थांबवावी असं त्याच्या वडिलांनी संघटनेला कळवलं. ही बातमी वाचली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि मला त्या वडिलांच्या स्वाभिमानाचं कौतुक वाटलं होतं. आता त्याच बातमीने पोटात कालवतं. शिष्यवृत्ती असते शिकण्यासाठी. शिकणं म्हणजे काही दिवस न जमणं. पण न जमण्याच्या दिवसांत ते पैसे घेणं त्या घराला उसनवारीसारखं वाटलं असावं. संघटनेने तगादा लावला नव्हता. लावला असेल तर तो आपण सगळ्यांनी, 'पुढे काय झालं त्या हजारवाल्याचं?' असं विचारून विचारून.

कुणीतरी आपल्याबाबत धीर धरून आहे, हे कळणं किती जड असतं ते मला थोडंफार माहीत आहे. कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचो, पॉइंट गार्ड म्हणून. माझी उंची पाच फूट चार इंच. क्रिकेटमध्ये बुटकेपणाचं कौतुक होऊ शकतं, बास्केटबॉलमध्ये तो सरळ आरोप असतो. निवडीच्या दिवशी सर म्हणाले, "हात चांगलाय. उंची नाही. बघू एक वर्ष." त्या 'बघू'च्या आधारावर मी वर्षभर खेळलो. त्या वर्षात माझा एकही चुकलेला शॉट नुसता चुकलेला शॉट नव्हता. तो पुरावा होता. कोर्टच्या कडेला बसलेले सीनियर माझ्यादेखत चर्चा करत. एक म्हणायचा, पोरगा शिकतोय, वेळ द्या. दुसरा म्हणायचा, शिकून उंची वाढते का?

पण ही गोष्ट मी बरीच वर्षं अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी अशी. आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या प्रत्येक संघाला दोन मिनिटांत कळायचं की कमकुवत जागा कुठली आहे. त्यांचा एखादा उंच खेळाडू बास्केटखाली माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा आणि हात वर करून बॉल मागायचा. मी उड्या मारून काही होत नसे. मग आमचा सेंटर स्वतःचा माणूस सोडून माझ्या मदतीला धावायचा. उशिरा पोचला की फाउल. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका सामन्यात तो तिसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर गेला आणि आम्ही हरलो. सगळे माझ्याबद्दल म्हणाले, 'शिकतोय.' त्याच्याबद्दल मात्र कुणी म्हणालं नाही की याची किंमत हा भरतोय. मीही नाही.

हे मला कळलं ते आत्ता, ऑफिसमध्ये. फॉर्म भरायच्या दोन-तीन दिवस आधी मी टीममधल्या एका अनुभवी सहकाऱ्याशी बोलत होतो. सहज म्हटलं, "मी तिला बराच वेळ दिला." तो हसला. म्हणाला, "दिलास की. पण तो माझा होता."

खरंच होतं. ती अडकली की त्याला विचारायची. तिचं काम रखडलं की रात्री तो पूर्ण करायचा. त्याच्या मुलाची परीक्षा होती, त्या आठवड्यातही. मी फक्त 'राहू दे, शिकेल' म्हणत होतो. म्हणायला मला काहीच लागत नव्हतं. उलट मी सहृदय मॅनेजर म्हणून मिरवत होतो.

धीराबद्दल बोलताना मला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारावासा वाटतो: वेळ कुणाचा जातोय? चाहत्यांचा धीर फुकटचा असतो. शॉला अजून दोन वर्षं द्या म्हणताना माझ्या वकील मित्राच्या खिशातून काही जात नाही. आणि 'आता पुरे' म्हणताना बँकवाल्याचंही काही वाचत नाही. संघात जागा अकरा. एकाला दिलेली संधी म्हणजे कुणाला तरी न दिलेली संधी.

मराठी क्रिकेटमध्ये याचं सगळ्यात बोलकं चित्र १९८८ मधलं आहे. शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. ही गोष्ट पाठ नाही असा मुलगा महाराष्ट्रात सापडणार नाही. त्या सबंध वेळात पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. तो अमोल मुझुमदार. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं. भारताकडून एकही सामना नाही. मधल्या फळीत आधी सचिन होता, मग द्रविड, गांगुली, लक्ष्मण आले. यांत कुणी कुणावर अन्याय केला असं म्हणता येत नाही. निर्णय बरोबर होते. पण बरोबर निर्णयाचीही किंमत असते आणि ती कुणीतरी एक माणूस मोजतो. शॉची ३७९ ही रणजीतली दुसऱ्या क्रमांकाची खेळी. पहिली महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांची, १९४८ ची, नाबाद ४४३. त्यांनाही एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही.

मग काय, कुणालाच वेळ देऊ नये? बाहेर कुणीतरी बसलाय म्हणून आतल्याला पहिल्या चुकीला काढावं? असं केलं तर कोणीच कधी तयार होणार नाही. सचिनच्या पहिल्या दोन एकदिवसीय सामन्यांत दोन शून्यं आहेत.

पण सचिनबद्दलच्या धीराकडे नीट पाहिलं तर तो नुसता धीर नव्हता असं दिसतं. १९८९ पासून तो एकदिवसीय सामन्यांत खाली खेळत होता, चांगला खेळत होता, पण शतक नव्हतं. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली. सचिनने कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे सलामीला जाऊ देण्याचा हट्ट धरला. त्यांनी जाऊ दिलं. ४९ चेंडूंत ८२. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ७९ व्या सामन्यात, पहिलं शतक. मुलगा तोच, उंची तीच. जागा बदलली.

बास्केटबॉलमध्ये मगसी बोग्सचं असंच झालं. उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे माझ्याहूनही इंचभर कमी. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने त्याला बाराव्या क्रमांकावर निवडलं. त्याच संघात सात फूट सात इंचांचा मनूट बोल होता, त्यामुळे दोघांचे फोटो गंमत म्हणून छापले जात. एका हंगामानंतर वॉशिंग्टनने त्याला राखून ठेवलं नाही. शार्लटचा नवा संघ उभा राहत होता, त्यांनी त्याला घेतलं. तिथे तो जवळपास दहा वर्षं खेळला आणि एनबीएत एकूण चौदा हंगाम. त्याच्या हाती बॉल देऊन खेळाचा वेग ठरवू द्यायचा, आणि तो जमिनीलगतचा बॉल हिसकावतो याचा फायदा घ्यायचा. त्याची उंची वाढण्याची वाट कुणी पाहिली नाही. ती कशी वाढणार होती?

आपल्या भाषेत वाट पाहणं आणि वाट करून देणं हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. आपण बहुतेक वेळा पहिलं करतो आणि दुसरं केल्याचं श्रेय घेतो. कॉलेजात मला वर्षभर संधी मिळाली, पण माझ्यासाठी बचावाची रचना बदलावी असं कुणाच्या मनात आलं नाही. मी तसाच खेळत राहिलो, सेंटर तसाच फाउल करत राहिला, आणि वर्षअखेरीला सगळ्यांना वाटलं की आपण खूप धीर धरला.

उंचीची एक गंमत आहे. मुलगा बुटका असला की आपण त्याच्याकडे पाहतच नाही. एकाला त्याच्यात 'कधीच जमणार नाही' दिसतं, दुसऱ्याला सचिन दिसतो. शॉला चौदाव्या वर्षापासून पुढचा सचिन म्हटलं गेलं. आत येणाऱ्या चेंडूवर बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, हे साधं तांत्रिक बोलणं नंतर सुरू झालं, तेही ॲडलेडला त्रिफळा उडाल्यावर, सगळ्या देशासमोर. मधली वर्षं आपण त्याला नाही, एका आठवणीला संधी देत होतो.

अर्थात, वाट करून दिली तरी चालायचं त्यालाच असतं. फिटनेस, सराव, शिस्त यांतला त्याचा वाटा कुणी उचलू शकत नाही, आणि 'लहान आहे' हे उत्तर एका वयानंतर त्यालाही कमीपणा आणणारं आहे. मुंबईने त्याला थांबवलं, यात मला क्रूरपणा दिसत नाही. वॉशिंग्टनने बोग्सला सोडलं नसतं तर कदाचित तो तिथेच बाकावर झिजला असता. थांबवणं ही कधी कधी दुसरी वाट असते. पण ती वेळेत सांगावी लागते आणि कारणासकट सांगावी लागते. मनातल्या मनात आशा सोडून वर 'बघू' म्हणत राहणं हा धीर नव्हे. ते फक्त अवघड बोलणं टाळणं आहे.

सोमवारी मी फॉर्म उघडण्याआधी त्या सहकाऱ्याला फोन केला. विचारलं, "तिला अजून तीन महिने दिले तर तुला चालेल का?" तो थोडा वेळ काही बोलला नाही. कदाचित हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मग म्हणाला, "चालेल. पण माझ्याकडचं एक काम काढ. आणि तिला टेस्टिंगला घाल. दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका तिला पटकन दिसतात, तू पाहिलं नाहीस का?"

मी पाहिलं नव्हतं. सहा महिने मी फक्त तिला किती दिवस लागतात तेच मोजत होतो.

दुपारी तिच्याशी बोललो. स्पष्ट सांगितलं की मुदत तीन महिने वाढते आहे, काम बदलतं आहे, या या गोष्टी जमायला हव्यात, आणि नाही जमल्या तर इथे थांबावं लागेल. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "सर, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय."

त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. मी ज्याला मोठेपणा समजत होतो, त्यामुळे तिचे सहा महिने गेले होते. म्हणजे सहकाऱ्याचा वेळ गेला होता आणि तिचाही. माझा तेवढा वाचला.

तीनपैकी दोन महिने झालेत. तिचं काम सुधारलंय, मीटिंगमध्ये अजून गप्पच असते. पुढच्या महिन्यात काय लिहीन ते आज मला सांगता येणार नाही. सहकाऱ्याकडचं एक काम मी माझ्याकडे घेतलंय आणि आता उशिरापर्यंत बसावं लागलं की धीर म्हणजे काय ते जरा जास्त समजतं.

गेल्या रविवारी गोल्फ क्लबवर पुन्हा तोच विषय निघाला. बँकवाला म्हणाला, पुरे. वकील म्हणाला, अजून थांबा. मी विचारलं, "महाराष्ट्राकडून सलामीला त्याच्या जागी कोण खेळला असता? बाहेर कोण बसलंय?"

चौघांपैकी कुणालाच नाव सांगता आलं नाही. मिसळ येईपर्यंत आम्ही फोनवर शोधत होतो.